गोदाबाईचं खाचर

रस्त्यावर भात वाळत घातलेलं होतं आणि त्याच्या अलीकडे नऊ गाड्या एकामागे एक थांबल्या होत्या. पोटात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि संडाससुद्धा घेऊन फिरणारी ती चाकांवरची घरं होती. अर्धा रस्ता भाताने अडवला होता आणि उरलेल्या अर्ध्यातून एवढी रुंद गाडी जाणं शक्य नव्हतं. पलीकडे हातात खराटा घेऊन सत्तरीची एक बाई उभी होती. ती काही केल्या हलायला तयार नव्हती.

या गाडीवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष शुभंकर दोनदा जाऊन तिच्याशी बोलून आला. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो मॅनेजर होता आणि माणसांना पटवणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. पण बाईने दोन्ही वेळा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ऊन उतरल्यावर भात उचलीन, तोवर थांबा नाहीतर मागं फिरा, असं सांगितलं. पानशेतच्या पुढच्या त्या अरुंद रस्त्यावर नऊ गाड्या मागे फिरवणं म्हणजे दिवसभराचं काम होतं. शेवटी शुभंकर मागून तिसऱ्या गाडीपाशी आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "आप्पा, तुम्ही बघता का जरा? आमची लँग्वेजच मॅच होत नाहीये."

आप्पासाहेब रायकर खाली उतरले. भाताच्या कडेला आल्यावर त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, वाकून चार दाणे उचलले आणि त्यातला एक दाताखाली धरला.

"अजून वलं हाय," ते म्हणाले. "आंबेमोहोर का?"

"इंद्रायणी," बाई म्हणाली. तिने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "उद्याबी ऊन लागंल त्याला."

मग दोघं रस्त्याच्या कडेला बसून बोलली. कापणी कधी झाली, रानडुकरांनी किती नासधूस केली, झोडायला माणसं मिळतात का. पंधरा मिनिटांनी आप्पा परत आले ते तोडगा घेऊनच. पुढे जायचंच नाही. बाईचं खाचर कापून मोकळं झालं होतं, धरणाचं पाणी त्याच्या दोन बाजूंना लागलेलं होतं, जमीन टणक होती. गाड्या तिथेच उभ्या करायच्या.

अशा रीतीने 'मुक्काम पोस्ट' नावाचा तो मोटरहोम क्लब खामशेवाडीला त्या बाईच्या, गोदाबाईच्या, खाचरात पोचला. त्या संध्याकाळी पाण्यावर सूर्य मावळताना सगळे जण खुर्च्या टाकून बसले, आणि आजवरचा हा सगळ्यात सुंदर मुक्काम असं एकमताने ठरलं. शुभंकरची बायको अपेक्षा म्हणाली की आप्पाकाका नसते तर आपण अजून रस्त्यातच असतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पांना त्या टाळ्या फार आवडल्या. त्याला कारण होतं.

धायरीत रायकरांची नदीकडच्या अंगाला चांगली जमीन होती. थोडी रस्त्यात गेली. उरलेल्या जमिनीवर मुलाने, रविराजने, एका भागीदाराबरोबर इमारती उभ्या केल्या. त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर आप्पा आणि त्यांची बायको सोजरबाई राहायला गेले. रविराज वाईट मुलगा नव्हता. त्याने आईवडिलांना मोठी खोली दिली, वातानुकूलन यंत्र बसवून दिलं, लिफ्टपासून चार पावलांवर दार दिलं. पण आप्पांना पहाटे चारला जाग यायची आणि जागं होऊन करायचं काय ते कळायचं नाही. ते खाली उतरून पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. नवा वॉचमन आला की दोन दिवस त्यांना विचारायचा, बाबा, काही हरवलंय का.

हे दोन वर्षं चाललं. मग रविराजनेच ओळखीच्या कारखान्यात एका लांब गाडीवर सगळं बसवून घेतलं आणि वडिलांच्या साठ-पासष्टीच्या मधल्या कुठल्या तरी वाढदिवसाला किल्ली हातात ठेवली. आप्पांनी आयुष्यभर ट्रॅक्टर हाकला होता, त्यांना ती गाडी आठवड्यात वश झाली. सोजरबाई मात्र म्हणाल्या, "घर सोडायचं आनि घरातच बसायचं. याला फिरनं म्हनत्यात व्हय?"

क्लबच्या पहिल्या मुक्कामाला प्रत्येकाने उठून ओळख करून द्यायची पद्धत होती. लोकांनी आपापल्या कंपन्यांची नावं सांगितली, छतावर किती सौर पट्ट्या आहेत, बॅटरी किती तास चालते ते सांगितलं. आप्पांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मी शेतकरी." मग जरा थांबून म्हणाले, "व्हतो." तेव्हाही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दर दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला वारज्याच्या पुलापाशी गाड्या जमायच्या. कुणी काय करून आणायचं याची यादी अपेक्षा गुरुवारीच ग्रुपवर टाकायची. मुक्कामाला पोचलं की मुलं पाण्यात, पुरुष एकमेकांच्या गाड्यांखाली, बायका खुर्च्यांवर. संध्याकाळी हाउजी, शेकोटी, गाणी. कुणाचा वाढदिवस असला की बारक्या फ्रिजमध्ये कसाबसा मावलेला केक. सोजरबाईंना पहिले दोन मुक्काम तोंड उघडावंसं वाटलं नाही, तिसऱ्या मुक्कामाला त्या हाउजीत जिंकल्या आणि त्यानंतर शनिवारची पिशवी त्याच आधी भरून ठेवू लागल्या.

आप्पांचं काम वेगळं होतं. कुठल्या जमिनीत चाक रुतेल ते त्यांना पावलाने कळायचं. गावात शिरलं की सरपंच कोण, विहीर कुणाची, वाट कुणाची, हे ते दहा मिनिटांत काढून आणायचे. तरुण मंडळी म्हणायची, नकाशा बंद करा, आप्पांना विचारा. चाळीस वर्षं शेती करून झाल्यावर आणि पुढची दोन वर्षं पार्किंगमध्ये फिरून झाल्यावर आपल्याला काही येतं हे कुणाला तरी कळलं, याचं त्यांना इतकं बरं वाटायचं की रविवारी संध्याकाळी परत येताना ते गाडी मुद्दाम सावकाश चालवायचे.

खामशेवाडीच्या त्या पहिल्या मुक्कामाला दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदाबाईच्या खळ्यावर गेले आणि फळीवर भात झोडायला उभे राहिले. क्लबमधल्या काहींनी त्याचं चित्रीकरण केलं, दोघातिघांनी पेंढ्या हातात घेऊन पाहिल्या आणि हसत सोडून दिल्या. आप्पा दुपारपर्यंत झोडत राहिले. हाताला फोड आले. मग जेवण म्हणून गोदाबाईने तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं, आणि ते जेवून तिच्या पडवीत घोंगडीवर जे झोपले ते थेट ऊन उतरल्यावर उठले. सोजरबाई दोनदा येऊन बघून गेल्या. किती तरी दिवसांनी नवऱ्याला असं घोरताना ऐकलं, असं त्या गोदाबाईला म्हणाल्या.

गोदाबाई विधवा होती. एकच मुलगा, साईनाथ, हिंजवडीला एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक होता आणि बायकामुलांसह वारज्याला एका खोलीत भाड्याने राहत होता. इथे ती, एक म्हैस आणि खाचरं. पुढे क्लबचा मुक्काम वर्षातून तीनचारदा तिच्याकडेच पडू लागला. आप्पा मध्येच एकटेही जाऊन यायचे, लावणीला, कापणीला. दुसऱ्या दिवाळीत भाऊबीजेला तिने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. आप्पांना सख्खी बहीण नव्हती. ताटात घालायला त्यांनी साडी नेली होती. तेव्हापासून ती त्यांना आप्पादादा म्हणू लागली.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत क्लबची वार्षिक सभा झाली. दोन ठिकाणी कचऱ्यावरून गावकऱ्यांशी भांडणं झाली होती, एका ठिकाणी रात्री मुक्काम हलवावा लागला होता. शुभंकरने सगळ्यांसमोर मांडलं की आता आपली स्वतःची, कायमची जागा हवी. कुठली, ते त्याला सांगावं लागलं नाही. दिग्विजय नावाच्या सभासदाची साताऱ्याकडे वडिलोपार्जित शेती होती, त्यामुळे शेतजमीन त्याच्या नावावर होऊ शकत होती. आणखी तिघे बरोबर येणार होते. भाव चांगला देऊ, बाईंना फसवायचं नाही, असं शुभंकर पुन्हा पुन्हा म्हणाला आणि ते तो मनापासून म्हणत होता. त्याच सभेत आप्पांना उपाध्यक्ष निवडलं. त्यात लाच नव्हती. दोन्ही गोष्टी एका दिवशी आल्या एवढंच.

साईनाथशी बोलणं आधीच झालं होतं. त्याला हे हवंच होतं. बारा वर्षं चौघं एका खोलीत राहत होती. फाटकावर बारा तास उभं राहून त्याचे गुडघे गेले होते. मुलांना चांगल्या शाळेत घालायचं होतं. पण आई ऐकेना. तिने शेवटी एवढंच सांगितलं की आप्पादादा म्हणतील तसं करीन.

"आप्पा, प्रेशर अजिबात नाही," शुभंकर सभेनंतर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल तेच सांगा त्यांना. फक्त एकदा बोला."

आप्पा बरं म्हणाले. घरी परतताना सोजरबाईंनी गाडीत सरळ सांगितलं, "तुमी मधी पडू नका."

मार्चमध्ये क्लब खामशेवाडीला गेला. गोदाबाई राबासाठी फांद्या आणि पालापाचोळा खाचराच्या एका कोपऱ्यात रचत होती. तो भाजून पुढे त्याच राखेत भाताची रोपं करायची. आप्पांनी तिच्याबरोबर चार भारे ओढून आणले. मग तिघं, ते, सोजरबाई आणि गोदाबाई, बांधावर बसली. खाली पाण्याकाठी गाड्या उभ्या होत्या, मुलं ओरडत होती, कुणी तरी चिकन भाजत होतं.

गोदाबाईने पदराने तोंड पुसलं. "साईनाथ रोज फोन करतोय," ती म्हणाली. "त्याचं काय खोटं न्हाई. पन माजा जीव धजंना. तुमचीबी जिमीन गेली, आप्पादादा. तुमी त्यातनं गेलाय. म्हून तुमालाच इचारते. पस्तावा झाला का?"

आप्पांनी समोर पाहिलं. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. रविराजने नाही, भावकीने नाही, सोजरबाईंनीही नाही. त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी शब्दांत आणलं नव्हतं. होय म्हटलं की ते शेजारी बसलेल्या बायकोच्या कानावर पडणार होतं, मुलाने बांधलेल्या त्या इमारतींवर, सातव्या मजल्यावर, मिळालेल्या सगळ्यावर पडणार होतं. आणि मग उद्या सकाळी तिथंच उठायचं होतं. खालून शुभंकरने त्यांच्याकडे पाहून हात हलवला.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

गोदाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पोरांचं आयुष्य हाय," ते पुढे म्हणाले. "आपलं झालं आता. पोरांचं ऐकावं."

हेच वाक्य काही वर्षांपूर्वी धायरीच्या चावडीवर त्यांच्या चुलत्यांनी त्यांना ऐकवलं होतं, शब्दाला शब्द. ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत आप्पांच्या ध्यानात आलं नाही. गोदाबाईने मान हलवली, उठली, आणि उरलेला पालापाचोळा रचायला लागली. त्या वर्षी राब भाजायचा की नाही हे तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर खडकवासला मागे पडलं. मग सोजरबाई म्हणाल्या, "पस्तावा झाला न्हाई म्हनता. मग रोज पहाटंचं उठून खाली काय हुडकत फिरता?"

आप्पांनी गाडी चालवत ठेवली.

मे महिन्यात नोंदणी कार्यालयात खरेदीखत झालं. साक्षीदार म्हणून दोन माणसं लागत होती. एक दिग्विजयच्या ओळखीचा होता. दुसरे आप्पा. गोदाबाई भाऊबीजेची साडी नेसून आली होती आणि बाकावर साईनाथच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नाव पुकारल्यावर तिला खिडकीपाशी बोलावलं, कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितलं. यंत्राला ठसा मिळेना. डावा घेतला, उजवा घेतला. कारकून सभ्य होता, त्याने घाई केली नाही. ओल्या फडक्याने पुसून बघा म्हणाला, मग कोरड्या. पन्नास वर्षं चिखलात रोपं लावून आणि विळा धरून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या.

"शेतीवाल्या बायकांचं होतं असं," कारकून म्हणाला.

गोदाबाई स्वतःच्या हाताकडे पाहत उभी होती. तिने आप्पांकडे वळून पाहिलं आणि क्षणभर आप्पांना वाटलं की यंत्राने ठसा घेऊच नये. आज नाही, उद्याही नाही. ते मनात तेच म्हणत राहिले. आठव्या की नवव्या खेपेला, साईनाथने तिचं बोट वरून दाबून धरलं तेव्हा, हिरवा दिवा लागला. मग आप्पांनी साक्षीदाराच्या जागी सही केली. त्यांचं अक्षर चांगलं होतं.

बाहेर आल्यावर शुभंकर गोदाबाईच्या पाया पडला. अपेक्षाने तिला मिठी मारली आणि म्हणाली की मावशी, जागा तुमचीच आहे, कधीही या. गोदाबाई हो म्हणाली.

पैसा हातात आल्यावर साईनाथला घर घ्यायचं होतं. आप्पांना वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं. ते त्याला रविराजकडे घेऊन गेले. रविराजच्या धायरीतल्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होता आणि वडिलांच्या शब्दाखातर त्याने तो सवलतीत दिला. गोदाबाई पावसाळ्याच्या आत राहायला आली. म्हैस विकली. आप्पांच्या इमारतीपासून ते घर चालत पाच मिनिटांवर होतं, त्यामुळे येणंजाणं राहील, तिला एकटं वाटणार नाही, असं आप्पांनी सोजरबाईंना सांगितलं. सोजरबाई म्हणाल्या, "तुमच्याच शेतात आनून ठिवली तिला." पुढे त्यांनी या विषयावर काही बोलणं सोडून दिलं.

डिसेंबरात खामशेवाडीच्या जागेचं उद्घाटन झालं. जेसीबी लावून सगळी खाचरं एका पातळीत आणली होती. बांध राहिले नव्हते. प्रत्येक गाडीसाठी सिमेंटचा चौथरा, त्याला नंबर, विजेचं बटण, पाण्याचा नळ. वर मोठं फाटक. सगळं नीटनेटकं आणि स्वच्छ होतं आणि क्लबच्या लोकांनी ते मन लावून केलं होतं. आप्पांना शाल आणि नारळ दिला. शुभंकर भाषणात म्हणाला की ही जागा आप्पांमुळे मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी हात जोडले. सोजरबाई दिवसभर गाडीतून खाली उतरल्या नाहीत. अपेक्षाने दोनदा हाउजीला बोलावलं तर त्यांनी पाय दुखतो म्हणून सांगितलं.

आता जमीन बघायला आप्पांची गरज नव्हती, चौथरे होते. गावकऱ्यांशी बोलायचीही गरज नव्हती, फाटक होतं. कुणी त्यांना दूर केलं नाही, आदराने बोलणं सुरूच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून आठ नंबरच्या चौथऱ्यापासून एक नंबरपर्यंत आणि परत, अशा फेऱ्या घालू लागले, आणि तिसऱ्या फेरीला एका नव्या सभासदाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, अंकल, काही शोधताय का. त्याच दुपारी सगळ्यांच्या आधी ते निघाले. पुढच्या मुक्कामाला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर त्यांची तब्येत विचारली गेली. काही महिन्यांनी उपाध्यक्ष दुसरा झाला.

गोदाबाईकडे ते सुरुवातीला आठवड्यातून एकदा जात. ती खाली येऊन इमारतीच्या पायरीवर बसलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला कुटलं गाव म्हणून विचारायची. लोक हसून लिफ्टमध्ये शिरायचे. एकदा तिने कुंड्यांमधली शोभेची झाडं उपटून त्यात मेथी पेरली, त्यावरून सोसायटीत बोलणं झालं आणि साईनाथला माफी मागावी लागली. मग आप्पांचं जाणं कमी झालं. तिच्यासमोर बसलं की ती आनंदाने शेजाऱ्यांना सांगायची, हे माझे भाऊ, यांनीच हे घर मिळवून दिलं. ते त्यांना ऐकवेना.

या वर्षी फेब्रुवारीत गोदाबाई हरवली. सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली आणि परत फिरताना सगळ्या इमारती एकसारख्या दिसायला लागल्या. ती चालत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सिंहगड रस्त्याला खूप पुढे, एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर बसलेली सापडली. पायातून रक्त येत होतं. कुठे निघालात असं विचारल्यावर तिने खामशेवाडी सांगितलं. आप्पांना हे चार दिवसांनी रविराजकडून कळलं.

ते गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चौथ्या मजल्यावर लाकडी दार उघडं होतं आणि त्याच्या बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप होतं. त्यांनी हाक मारली. गोदाबाई आतून सावकाश चालत आली. पायाला पट्टी होती. ती बरीच वाळली होती.

"दार लावून गेल्यात," ती म्हणाली. "साईनाथ सहाला येतोय. सूनबी कामाला जाती. किल्ली त्यांच्याजवळच अस्ती." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी परत कुठं जाऊ नये म्हणून करतात, पोरं घाबरली होती फार, असंही तिने सांगितलं. साईनाथ कुलूप लावताना रडतो, रोज नाही, पण कधीकधी रडतो.

आप्पा जाळीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "गोदाबाई, त्या दिशी तुमी इचारलं व्हतं, पस्तावा झाला का म्हनून. मी न्हाई म्हनलो. खोटं बोललो मी."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. गोदाबाईने पदराच्या टोकाने जाळीची एक पट्टी पुसली, मग तिच्याखालची पुसली.

"च्या ठिवते," ती म्हणाली.

ती आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. बऱ्याच वेळाने ती दोन कप घेऊन परत आली. एक तिने जमिनीवर ठेवला आणि दुसरा जाळीपाशी धरला. जाळीची फट बोटं जातील एवढीच होती. कप जाईना. तिने तो तिरका करून पाहिला, चहा उंबऱ्यावर सांडला. मग ती परत आत जाऊन एक लहान वाटी घेऊन आली, तीही जाईना. आप्पा राहू द्या म्हणाले. ती ऐकेना, चमचा आणते म्हणाली, आणि मग स्वतःच थांबली.

"सहाला येईल साईनाथ," ती म्हणाली.

"येऊ द्या."

आप्पा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. गोदाबाई आतल्या बाजूला, दाराशी, पाय पसरून बसली. दोन्ही कप तिच्याजवळ जमिनीवर होते. तिने आपलाही उचलला नाही. थोड्या वेळाने दोन्हींवर साय धरली. सहा वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता.